हिरव्या वाफ्यातलं पाणी

"अहो! ओ मिस्टर! बाहेर या आधी तिथून!"

उत्तरा गुप्ते बांधावरून एवढ्या जोरात ओरडली की खाडीतले बगळे उडाले. ज्याच्यावर ओरडली तो माणूस मात्र जागचा हलला नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवलेले आणि हातात एक काचेची नळी. तिच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या मिठागरातल्या ऐन तयार झालेल्या वाफ्यात हा बाबा उभा! पायाखाली मिठाचा थर करकर मोडत होता. उद्या सकाळी ते मीठ ओढायचं होतं, आणि ह्यानं त्याचा पार चिखल करून ठेवला होता.

"दोन मिनिटं हं..." मान वर न करता तो म्हणाला. "पारा चढतोय अजून."

"माझाही चढतोय!"

तेव्हा कुठे त्यानं वर बघितलं. चष्म्याच्या काचांवर मिठाचे शिंतोडे, उन्हानं लालबुंद झालेलं नाक, आणि डोळे असे निष्पाप की उत्तराला आणखीच संताप आला. चोर असता तर निदान चार शब्द सुनावता तरी आले असते!

"अण्णासाहेबांनी मला कोपऱ्यातले दोन वाफे दिलेत," तो म्हणाला. "प्रयोगासाठी."

"मग कोपऱ्यात जा ना! हा कोपरा आहे का?"

त्यानं चहूकडे नजर फिरवली. कोपरी गावाच्या पलीकडे, थेट खाडीच्या कडेपर्यंत वाफेच वाफे पसरले होते.

"सगळेच चौकोनी आहेत हो," तो अगदी मनापासून म्हणाला. "प्रत्येकाला चार-चार कोपरे आहेत..."

आता ह्याला काय म्हणावं! उत्तरानं कपाळाला हात लावला. बांधावर टोपली घेऊन उभी असलेली रंगूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीठ उचलणाऱ्या बायकांची ती म्होरकी. माजिवड्याहून रोज पायी यायची, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"ऱ्हाऊ दे गो बाय," ती म्हणाली. "दिसायला बरा हाय."

"रंगूबाई!"

ही पहिली भेट. त्रेपन्न सालच्या मार्चातली, भर उन्हातली, आणि भांडणाची.

संध्याकाळी घरी अण्णांनी खुलासा केला. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून मिठागराचं सगळं उत्तराच बघायची. बी.एस्सी. पदार्थविज्ञानात झाली होती, पुढे शिकायचं होतं, पण अण्णांचे डोळे गेले आणि तिचं पुढचं शिक्षण मिठात विरघळलं. ह्या गोष्टीचा तिला राग होता. अण्णांवर नव्हे, मोतीबिंदूवर.

"अगं, विश्राम परब म्हणून आहे. डोंबिवलीला राहतो, मुंबईच्या विज्ञान संस्थेत संशोधन करतो," अण्णा म्हणाले. "मीठ लवकर पिकवायची युक्ती काढलीय म्हणे. कोपऱ्यातले दोन छोटे वाफे दिलेत त्याला. आणि हो, तो बुधवारी आणि रविवारीच येऊ शकतो. बाकीचे दिवस पाण्याची मापं तू घे."

"मी? अण्णा, मला काय तेवढाच उद्योग आहे?"

"तुझं शिक्षण फुकट जातंय म्हणून रोज कुरकुरतेस ना? घे मग मापं."

तिनं बिरड्याच्या वालांची सालं काढायला घेतली आणि सगळा राग वालांवर काढला.

बुधवारी विश्राम आला तो एक डबा घेऊन. डब्यात हिरवीगार भुकटी. दोन्ही वाफ्यांत सारखंच खारं पाणी घेतलेलं. त्यातल्या एकात त्यानं ती भुकटी कालवली, आणि बघता बघता वाफा बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा झाला. शेजारचा तसाच मातकट राहिला. दोन्हींत एकेक काठी रोवली होती, काठीवर बारीक खुणा.

"साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. विज्ञानाचं बोलायला लागला की हा माणूस अडखळत नसे, हे उत्तराच्या लगेच लक्षात आलं. "साध्या पाण्यातून ऊन आरपार जातं आणि तळाच्या चिखलात मुरतं. रंग घातला की ते पाण्यातच अडतं. पाणी जास्त तापतं, लवकर आटतं. तेवढ्याच उन्हात, तेवढ्याच जागेत जास्त मीठ! ना कोळसा, ना वीज. सूर्य फुकट आहे, आपण तो नीट वापरत नाही एवढंच."

"आणि मीठ हिरवं आलं म्हणजे?"

"धुतलं की जातं."

"नाही गेलं तर?"

"तर..." तो विचारात पडला. "तर पालकाच्या भाजीला वापरायचं."

उत्तराला हसू आलं. ते तिनं दाबलं, आणि दाबावं लागलं म्हणून पुन्हा चिडली.

हळूहळू तिला कळत गेलं की हा माणूस म्हणजे डोक्याला निव्वळ ताप आहे. छत्री आणायचा आणि उघडायचा नाही, कारण छत्रीची सावली वाफ्यावर पडते. टोपी घालायचा नाही, कारण ती वाऱ्यानं उडून वाफ्यात पडते. घामानं चष्मा घसरला की हिरव्या बोटांनी वर ढकलायचा, मग दिवसभर नाकावर हिरवा टिळा. त्याच्या आईनं करून दिलेले खटखटे लाडू रुमालात बांधून आणायचा आणि उत्तरापुढे धरायचा. न बोलता. नुसता धरून उभा!

"हे काय?"

"लाडू."

"ते दिसतंय. कुणासाठी?"

"म्हणजे... आईनं सांगितलेलं की... जे मापं घेतात त्यांना..."

"मापं घेणाऱ्यांचे दात पडावेत अशी तुमच्या आईची इच्छा आहे का?"

पण खाल्ला तिनं. दुसरा पण खाल्ला. पुढच्या रविवारी ती डब्यात बिरडं घेऊन आली, आणि बांधावर बसून त्यानं ते इतकं मन लावून खाल्लं की तिला बघत बसावंसं वाटलं. वाऱ्यावर खाडीचा वास, ओठांवर खारट चव, समोर ऊन नुसतं चकाकतंय... आणि हा माणूस बोटं चाटतोय. त्याची नजर वर आली, तिच्या नजरेला भिडली, आणि दोघांनीही घाईघाईनं हिरव्या वाफ्याकडे बघितलं. बिचाऱ्या वाफ्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तो तिला आवडायला लागला होता. ह्या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त वैताग आला. स्थळं सांगून येत होती, चांगली शहाणीसुरती, टोपी घालणारी! आणि मन जाऊन अडकलं कुठे, तर सूर्य मोजणाऱ्या ह्या येड्यापाशी.

एका बुधवारी तिनं विचारलं, "हा प्रयोग यशस्वी झाला की पुढे काय?"

त्यानं वाकून काठीच्या खुणा बघितल्या.

"सौराष्ट्रात मिठावर संशोधन करणारी नवी संस्था निघतेय. टिपणीससर, म्हणजे माझे मार्गदर्शक, त्यांनी शब्द टाकलाय. हिरवा वाफा पुढे गेला तर तिथली जागा माझी. जूनमध्ये जायचं. नाहीतर इथली शिष्यवृत्ती संपतेच आहे. काकांनी कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवलीय. मग डोंबिवलीतच... इथेच."

"म्हणजे जिंकलात तर सौराष्ट्र, आणि हरलात तर ठाणं-डोंबिवली."

"हं."

"तुमची इच्छा काय आहे?"

"माझी... आईनं टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोललाय. हिरवा वाफा जिंकू दे म्हणून."

"मी तुमच्या आईची इच्छा विचारली नाही हो!"

पण गाडीची वेळ झाली होती. तो बूट गळ्यात घालून निघून गेला. उत्तरा किती वेळ त्या दोन काठ्यांकडे बघत उभी होती. हिरवं पाणी खाली गेलं की हा जाणार. त्याच्या आयुष्याचं सोनं होणार, आणि आपण इथे मिठागर राखत बसणार. देवा, हे पाणी आटूच नये, असं तिला वाटलं. आणि पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. जो माणूस सूर्याविषयी बोलताना अडखळत नाही, त्यानं जन्मभर कचेरीत फायलींवर शिक्के मारायचे? छे!

गंमत अशी की पाणी खरंच आटेना. म्हणजे आटत होतं, पण दोन्ही वाफ्यांत अगदी सारखं. काठ्यांवरच्या रेघा जुळ्या बहिणींसारख्या बरोबरीनं खाली सरकत होत्या. मधल्या दिवसांत हिरवा जरा पुढे जातोसा वाटे, आणि बुधवार-रविवार उलटला की पुन्हा बरोबरी. उत्तराचा जीव मेटाकुटीला आला. तिनं काठ्या तपासल्या, बांध तपासले, कुठे पाझर आहे का म्हणून हातानं चिखल चाचपला. काही नाही. विश्रामला सांगितलं तर तो म्हणाला, "असं होतं कधी कधी."

"असं होतं कधी कधी? तीन वर्षं घालवलीत ना ह्यात? जरा तरी वाईट वाटू द्या!"

"वाटतंय की," तो म्हणाला. पण चेहरा काही तसा दिसेना. उत्तराला वाटलं, बिचारा दुःख गिळतोय.

आणि इथेच तिच्या हातून ते झालं. बी.एस्सी. झालेल्या, खोट्याची चीड असलेल्या उत्तरा गुप्तेच्या हातून! दुसऱ्या दिवशी सकाळी माप घेऊन झालं, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, आणि तिनं हिरव्या वाफ्यातलं एक बादली पाणी उपसून खाडीत ओतलं. वाफा छोटासा, एका बादलीनं काठीवरची रेघ एक खूण खाली गेली. अगदी एकच. पण बघायला किती छान वाटलं!

मग रोज एक बादली. बुधवार-रविवार सोडून.

आणि तरीही बरोबरी! ह्या वाफ्यानं काय नवस केला होता देव जाणे. तिनं दोन बादल्या उपसायला सुरुवात केली. तिकडे विश्राम आता खरोखर गोंधळलेला दिसायला लागला. काठीसमोर उकिडवा बसून तो स्वतःशीच पुटपुटायचा, "एवढं आटायला नको... सिद्धांताप्रमाणे एवढं आटायलाच नको..." तिला वाटलं, उन्हानं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. आटतंय कुठे? सारखंच तर आहे!

"तुमची बोटं," एका रविवारी तो अचानक म्हणाला.

उत्तरानं हात पदराखाली घेतला. "काय झालं बोटांना?"

"हिरवी आहेत."

"मेंदी आहे."

"मेंदी लाल असते ना?"

"चढायची असते तेव्हा हिरवीच असते. तुम्ही पदार्थविज्ञानापुरतं बघा."

वाऱ्यानं तिची बट चेहऱ्यावर आली, ती सारायला तिनं नेमका हिरवाच हात वर केला. त्याला हसू फुटलं. तिच्या गालावर हिरवं बोट उमटलं होतं. त्यानं आपला रुमाल पुढे केला, लाडवांचा, गुळानं चिकट झालेला. तिनं घेतला. परत दिला नाही.

रंगूबाई लांबून हे सगळं बघत होती. त्या दिवशी ती खोकल्याचं निमित्त करून इतकी खोकली की उत्तरानं तिला औषध घ्यायला सांगितलं.

शेवटी एका शनिवारी अण्णांना डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून उत्तराला बादली चुकवावी लागली. मन काही स्वस्थ बसेना. पुढच्या आठवड्यात टिपणीससर स्वतः वाफे बघायला येणार होते. रविवारी सकाळी विश्रामची गाडी यायच्या आत जाऊन यावं म्हणून ती लवकर निघाली. झपाझप बांध तुडवत कोपऱ्यात पोचली, पदर खोचला, हिरव्या वाफ्यात बादली बुडवली, भरली, उचलली, वळली...

समोर विश्राम, आधीच्या गाडीनं आलेला. बूट गळ्यात. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, खाडीच्या पाण्याच्या.

तिच्या बादलीतून हिरवं पाणी ठिबकत होतं, त्याच्या बादल्यांतून मातकट.

"हे काय?" उत्तरानं विचारलं.

"हे काय?" त्यानंही विचारलं.

"मी आधी विचारलं!"

"मी... पाणी... वाफ्यात घालायला..."

"हिरव्या वाफ्यात? कधीपासून?"

"पहिल्यापासून. बुधवारी आणि रविवारी." त्यानं बादल्या खाली ठेवल्या. "पण गेले काही दिवस कितीही ओतलं तरी पुरत नव्हतं. मला वाटलं माझा सिद्धांतच चुकला, रंग अपेक्षेच्या दुप्पट काम करतोय... उत्तराबाई, तुम्ही उपसत होतात?"

"उपसत होते! तुमचा प्रयोग जिंकावा म्हणून उपसत होते! हात बघा माझे! आणि तुम्ही... तुम्ही स्वतःच्याच हातानं... अहो, शास्त्रज्ञ आहात की कोण आहात? आईनं नवस केलाय, सरांनी शब्द टाकलाय, आणि हा माणूस बादल्या घेऊन आपल्याच नशिबावर पाणी ओततोय! का?"

"मला जायचं नव्हतं."

"का नव्हतं जायचं?"

त्यानं बादलीची कडी उगाच सरळ केली.

"बोला ना! सूर्यावर तासभर बोलता!"

"सूर्याचं सोपं असतं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही का उपसत होतात? मी हरलो असतो तर इथेच राहिलो असतो."

रडू येतंय की राग, उत्तराला कळेना, म्हणून तिनं राग निवडला. हातातली बादली पुन्हा हिरव्या वाफ्यात ओतली.

"काढा हे सगळं पाणी. दोन्ही वाफे रिकामे करा आणि नव्यानं भरा. सरांना आणखी थोडे दिवस थांबायला सांगा. ह्यापुढे मापं रंगूबाईसमोर घ्यायची, आणि आपण दोघांनी बादलीला हात लावायचा नाही. जे खरं असेल ते येऊ दे."

"खरं आलं तर मला जावं लागेल, उत्तरा."

त्यानं पहिल्यांदा नुसतं उत्तरा म्हटलं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "भरा वाफे."

रंगूबाईनं राखणदारी अशी केली की कोंबडीलासुद्धा बांधावर पाय ठेवू दिला नाही. "आमी येवढं दिस बगत व्हतो," ती उत्तराला म्हणाली. "तू उपसायची, त्यो वतायचा. आमी बायकांनी पैज लावलेली, आदी कोन दमतंय."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"कशाला? दोगं येवढी सुकात व्हतात."

ह्या खेपेला काठ्यांवरच्या रेघा जुळ्या राहिल्या नाहीत. दिवसागणिक हिरवी रेघ खाली जात होती, ठाम, न चुकता. मातकट वाफा अजून नुसता पाणीच धरून होता तेव्हा हिरव्यात मीठ धरलं. उत्तरा रोज सकाळी माप घ्यायची, मोठ्यानं सांगायची, आणि घरी येऊन दार लावून रडायची. पण बादलीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. विश्रामही यायचा, बघायचा, आणि लाडू न खाताच परत जायचा. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि तोंड बघावं तर सुतकी!

टिपणीससर आले ते मेच्या अखेरीला, भर दुपारी, डोक्यावर हॅट घालून. अण्णा काठी टेकत उत्तराच्या हाताला धरून आले होते. सरांनी हिरव्या वाफ्यातलं मीठ चिमटीत घेतलं, खाऱ्या पाण्यानं धुतलं, पुन्हा बघितलं. पांढरं! त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तम. फारच उत्तम, परब. फक्त मला एक समजत नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे दोन्ही वाफे अगदी बरोबरीत होते, आणि आता एकदम हा फरक. असं कसं?"

"सुरुवातीची सगळी मापं रद्द समजा, सर," विश्राम म्हणाला. "वाफ्यात बाहेरचं पाणी पडलं होतं."

"बाहेरचं? कुठून?"

"मी ओतलं."

सरांनी हॅट काढली. उत्तरानं अण्णांचा हात घट्ट धरला. हा माणूस आता काय करणार आहे?

"चुकून सांडलं असेल," सर म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी त्याला सुटायची वाट करून दिली होती. "रंग कालवताना वगैरे. चुकून. असंच ना?"

हो म्हणा, उत्तरा मनात ओरडली. एवढं एकदा हो म्हणा! एका शब्दानं सगळं निभावतंय, जागा मिळतेय, आईचा नवस फिटतोय. हो म्हणा आणि मोकळे व्हा!

"नाही सर," विश्राम म्हणाला. "चुकून नव्हतं."

"मग?"

"मुद्दाम. दर बुधवारी आणि रविवारी. प्रयोग फसावा म्हणून."

"अहो, पण का?"

विश्रामनं घसरलेला चष्मा वर ढकलला. सरांकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, वाफ्याकडे बघितलं. उत्तराला वाटलं, हा आता अडखळणार, 'म्हणजे' म्हणणार, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून जाणार. पण तो तिच्याकडे वळला, आणि सूर्याविषयी बोलायचा तसा, एकदाही न थांबता बोलला.

"कारण प्रयोग जिंकला असता तर मला सौराष्ट्रात जावं लागलं असतं, आणि उत्तरा इथे आहेत. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. हे कारण मोजमापात बसत नाही, पण दुसरं कुठलंही नाही. मी खोटं लिहिणार नाही, सर."

बांधावर उभी असलेली रंगूबाईसुद्धा खोकली नाही.

सर सावकाश उत्तराकडे वळले. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी पाणी काढत होते," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "बाकीच्या दिवशी. बादलीनं. तेही तुमच्या हिशेबात धरा."

"तुम्ही काढत होतात? का?"

"ह्यांना जाता यावं म्हणून!"

टिपणीससरांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. मग त्यांनी हॅटनं वारा घ्यायला सुरुवात केली.

"वाऱ्यानं प्रयोग बिघडलेले बघितलेत मी. कुत्र्यानं पाणी पिऊन बिघडवलेला बघितलाय. पण हे..." त्यांनी मान हलवली. "परब, हे मला वरच्या मंडळींना सांगावं लागेल. कारणासकट. हसतील ते. हसू देत. मी मात्र सांगणार की शेवटची मापं खरी आहेत. ज्याला मी 'चुकून' म्हणायची संधी दिली आणि ज्यानं ती घेतली नाही, त्याच्या मापांवर मी डोळे मिटून सही करीन. जूनमध्ये रुजू व्हायची तयारी ठेवा."

सर अण्णांना नमस्कार करून निघाले. आणि विश्राम? तो तसाच उभा! जग जिंकून, तोंड पाडून, हात लोंबकळत ठेवून.

"मूर्ख आहात तुम्ही," उत्तरा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "चुकून म्हणायचं होतं ना! गेली असती ना ती जागा!"

"चुकून नव्हतं ना झालं," तो म्हणाला. "तेवढंच एक आयुष्यात मी समजून-उमजून केलं. पण आता जावं लागेल. सौराष्ट्र लांब आहे, उत्तरा. मी दिवाळीला येईन. मग... म्हणजे अण्णांना जर... तेव्हा मी..."

"दिवाळीला?" ती उसळली. "दिवाळीपर्यंत मी काय इथे काठीवरच्या खुणा मोजत बसू? अहो, मागणी घालायची ती आत्ता घाला! अण्णा समोर उभे आहेत!"

विश्राम वळला. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उन्हात उभे होते, डोळे किलकिले करून. काही दिसत नसलं तरी त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गुप्त्यांच्या घरात परबांचा मुलगा," ते म्हणाले. "नातेवाईक बोलतील. बोलू देत. पण परब, तिला तिथे नुसतं स्वयंपाकघरात बसवायचं नाही. तिचं शिक्षण माझ्या डोळ्यांपायी राहिलं."

"नाही बसवणार," विश्राम म्हणाला.

"आणि तुमचं कोण बघणार, अण्णा?" उत्तराचा आवाज एकदम खाली आला. "मिठागराचं?"

"रंगूबाईला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. आणि डॉक्टर पुढल्या महिन्यात मोतीबिंदू काढतोय. मला आता तुझी नाही, चष्म्याची गरज आहे," अण्णा चिडून म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. "जा गं. एकदा तरी स्वतःसाठी जा."

उत्तरानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. थोड्या वेळानं तिला जाणवलं की दुसऱ्या हाताला कुणीतरी हात लावलाय. विश्राम तिची बोटं धरून उभा होता, भर दुपारी, मिठागरातल्या सगळ्या बायकांच्या देखत. ह्या माणसाला कुठे काय करावं ह्याची अक्कल म्हणून नव्हती, आणि उत्तरानं हात सोडवून घेतला नाही.